सापडलेला पेनड्राइव्ह

2015 साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या अर्बाना-शॅम्पेन इथल्या आवारात संशोधकांनी 297 पेनड्राइव्ह मुद्दाम ‘हरवले’. कुठे पार्किंगमध्ये, कुठे व्हरांड्यात, कुठे वर्गात. सुरक्षेच्या क्षेत्रात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जात होती: हल्लेखोर कंपनीच्या दारात पेनड्राइव्ह टाकतो, कुणीतरी तो उचलून कॉम्प्युटरला लावतो आणि चोर आत शिरतो. गोष्ट सांगणारे पुष्कळ होते, मोजून बघणारे फार थोडे. या मंडळींनी मोजायचं ठरवलं.

पहिला पेनड्राइव्ह टाकल्यावर सहा मिनिटांच्या आत कुणीतरी तो कॉम्प्युटरला लावला होता!

पुढे 98 टक्के पेनड्राइव्ह जागेवरून उचलले गेले आणि किमान 45 टक्क्यांमधली एखादी तरी फाइल उघडली गेली. हे कळलं कसं? आतल्या फाइली दिसायला फोटो किंवा कागदपत्रं, पण खरं तर वेबपानं होती. पान उघडलं की ते संशोधकांच्या सर्व्हरवरून एक चित्र मागवायचं. तेवढ्यावरून कुठला पेनड्राइव्ह कधी उघडला याची नोंद व्हायची आणि उघडणाऱ्याला प्रयोगाची माहिती देऊन चार प्रश्न विचारले जायचे. ज्यांनी इंटरनेट नसताना फाइल उघडली किंवा पेनड्राइव्ह लावला पण फाइलला हात लावला नाही, ते या हिशेबात नाहीत. म्हणूनच ‘किमान’.

पण मला या आकड्यांपेक्षा त्यातली बारीक वीण जास्त थक्क करते. पेनड्राइव्ह पाच तऱ्हांचे होते. काही कोरे, काहींवर ‘गोपनीय’ लिहिलेलं, काहींवर ‘अंतिम परीक्षेची उत्तरं’. काहींना किल्ल्या अडकवलेल्या, तर काहींना किल्ल्यांबरोबर मालकाचा पत्ताही. सगळ्यात जास्त उघडले जाणार परीक्षेवालेच, अशी पैज कुणीही लावली असती. तसं झालं नाही. किल्ल्यांचे, परीक्षेचे, गोपनीय आणि कोरे साधारण सारख्याच प्रमाणात उघडले गेले. सर्वांत कमी उघडले गेले ते पत्ता लिहिलेले. वस्तू परत कुठे द्यायची ते बाहेरच कळलं की आत डोकावण्याची गरज अनेकांना वाटेनाशी झाली.

प्रश्नांना उत्तरं देणाऱ्यांपैकी 68 टक्के म्हणाले, मालक शोधून परत द्यायचा होता. नुसत्या कुतूहलाची कबुली 18 टक्क्यांनी दिली. (विचारल्यावर सगळेच थोडे सज्जन होतात, हे गृहीत धरलं तरी.) मात्र परोपकारालाही वाट वाकडी करायचा मोह होतो. मालकाचं नाव सापडावं म्हणून आत बायोडेटा ठेवला होता, तरी जवळजवळ निम्म्यांनी आधी सुट्टीतले फोटो वगैरे बघून घेतले.

आणि हे लोक अडाणी होते का? मुळीच नाही. तांत्रिक समज इतरांसारखीच. काहींनी तर स्वतःच्या लॅपटॉपला धोका नको म्हणून पेनड्राइव्ह विद्यापीठाच्या कॉम्प्युटरला लावला. धोका पूर्ण ठाऊक, फक्त तो कुणाच्या गळ्यात घालायचा एवढाच विचार!

माणसाला भोळा म्हणण्याआधी यंत्राकडेही बघायला हवं. यूएसबी 1990च्या दशकात आलं ते ‘लावा आणि वापरा’ या सोयीसाठी. जोडलेलं उपकरण स्वतःच सांगतं, मी अमुक, आणि कॉम्प्युटर त्याचा शब्द खरा मानतो. ‘मीटर रीडिंगला आलोय’ म्हणणाऱ्याला ओळखपत्र न बघता घरात घ्यावं, तसं. 2014 साली लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत कार्स्टन नोल आणि याकोब लेल यांनी दाखवलं की पेनड्राइव्हच्या आतली नियंत्रक चिप नव्याने प्रोग्रॅम केली, तर तो ‘मी कीबोर्ड आहे’ असं सांगू शकतो. मग तो आपोआप आज्ञा टाइप करू लागतो आणि कॉम्प्युटरला वाटतं, मालकच बसलाय. अशा पेनड्राइव्हमधली एकही फाइल उघडावी लागत नाही.

2008 मध्ये अमेरिकी लष्कराला साध्या पेनड्राइव्हनेच हिसका दिला होता. मध्यपूर्वेतल्या एका तळावर कुणीतरी लॅपटॉपला पेनड्राइव्ह लावला आणि त्यातला घातक प्रोग्रॅम सेंट्रल कमांडच्या गोपनीय जाळ्यांतही पसरला. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये पेंटागॉनने पेनड्राइव्हवर बंदी घातली. साफसफाईच्या मोहिमेचं नाव ऑपरेशन बकशॉट यांकी. हा प्रकार 2010 साली तेव्हाचे उपसंरक्षणमंत्री विल्यम लिन यांनी लेख लिहून जाहीर केला.

चोरांनी मात्र माणसाचा अभ्यास आणखी पुढे नेला. 2020 मध्ये एफबीआयने इशारा दिला, की फिन7 नावाची टोळी अमेरिकी कंपन्यांना टपालाने पेनड्राइव्ह पाठवते आहे. सोबत गिफ्ट कार्ड आणि कधी कधी चक्क टेडी बेअर. वाट बघत पार्किंगमध्ये पडून राहायचं कशाला? घरपोच भेट आली की कुणाला शंका येते!

आता यंत्रं थोडी सावध होऊ लागली आहेत. 2022 पासून अॅपलच्या नव्या चिपवर चालणारे लॅपटॉप अनोळखी यूएसबी उपकरण लावलं की आधी विचारतात, ‘याला जोडू देऊ का?’ प्रश्न अर्थातच त्यालाच विचारला जातो, ज्याने तो पेनड्राइव्ह नुकताच उचलून आणलेला असतो.