फ्रिजच्या पाठीमागे

मे महिन्यातल्या एका रात्री आमच्या फ्रिजमागून आवाज यायला लागला. आधी बारीकशी घरघर, मग टक्. दोन-तीन मिनिटं शांतता, की पुन्हा घरघर, पुन्हा टक्. सकाळी दूध नासलेलं. घरात सगळ्यांचं एकच निदान : "गॅस गेला." गॅस कुठेही गेला नव्हता. बिघडला होता काडेपेटीएवढा एक भाग.

फ्रिज थंडी तयार करत नाही, हे एकदा उमगलं की त्याचे निम्मे आजार आपले आपल्याला ओळखता येतात. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो, बस. चालू फ्रिजच्या पाठीला किंवा कडेला हात लावून बघा, कोमट लागेल. त्या उबेत दुपारी आत ठेवलेल्या आमटीचा वाटा असतो. माठाचं तंत्रही हेच : पाझरलेलं पाणी वाफ होऊन जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. माठाची वाफ मात्र गेली ती गेली. फ्रिज आपली वाफ धरून परत आणतो! आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो, आपल्या सिलिंडरमधल्या गॅसचाच भाऊबंद. साध्या हवेच्या दाबाखाली तो उणे 12 अंशांच्या आसपासच उकळतो, म्हणजे त्याच्या लेखी बर्फाचा खडासुद्धा पेटती चूल. आत उकळायचं, कॉम्प्रेसरनं दाबलं की तापायचं, मागच्या नळ्यांमध्ये उष्णता सोडून पुन्हा द्रव व्हायचं, आणि एका अतिशय बारीक नळीतून परत आत शिरायचं. हा फेरा वर्षानुवर्षं चालतो तो जेमतेम वाटीभर द्रवावर.

आता तो टक्. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या कॉम्प्रेसरला सुरू होताना क्षणभर जादा धक्का लागतो. तो देते रिले. प्लग काढून, मागचं झाकण उघडून मी ती कॉम्प्रेसरच्या पिनांवरून ओढून काढली आणि कानाशी हलवली. खुळखुळ्यासारखी वाजली. आतली चिनीमातीसारखी चकती फुटली होती. या चकतीचं मला फार कौतुक वाटतं. थंड असताना ती वीज सहज जाऊ देते. वीज वाहिली की तापते, आणि तापली की डोळ्याचं पातं लवायच्या आत तिचा रोध इतका वाढतो की धक्क्याची वाट जवळजवळ बंदच होते. तिच्यात हलणारा एकही सुटा भाग नाही. ती फुटली की मोटर नुसती घुरघुरते, तापते, आणि शेजारचा ओव्हरलोड स्विच टक् करून वीज तोडतो, तिचा जीव वाचवतो. म्हणजे रात्रभर आम्ही ऐकत होतो ते एका पहारेकऱ्याचं काम. जुनी रिले दुकानात नेऊन तशीच्या तशी नवी आणली. बसवायला पाच मिनिटंही लागली नाहीत. (सोबत कपॅसिटर असेल तर मात्र हात लावू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असू शकते.)

दुसरा झिजणारा भाग दाराचं रबर. त्याच्या पोटात लोहचुंबकाची लवचीक पट्टी असते. दहाची नोट दारात धरून दार लावा. नोट सहज निसटून आली, तर तिथून दमट हवा आत शिरतेय. पावसाळ्यात याची किंमत कळते. एक ग्रॅम वाफेचा बर्फ होताना जवळजवळ 2,800 जूल उष्णता फ्रिजच्या गळ्यात पडते. तेवढ्यात लहान वाटीभर पाणी दहा अंशांनी तापेल. वर तो बर्फ थंड नळ्यांवर गोधडीसारखा बसतो आणि उष्णता आत घेऊ देत नाही. रबर नुसतं चेपलं असेल तर गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्यानं शेकून पुष्कळदा पूर्ववत होतं. चिरलं असेल तर बदलायचं.

नळ्यांवरच्या त्या बर्फापायीच फ्रॉस्ट-फ्री फ्रिजच्या पोटात चक्क हीटर असतो. अधूनमधून पेटून तो हा बर्फ वितळवतो. वर फ्रीझर गार आणि खाली भाजी कोमेजलेली, असं झालं तर अनेकदा हा हीटर किंवा त्याचा सेन्सर गेलेला असतो. सुरीनं बर्फ खरवडू नका, नळी फुटते. आणि नळ्या जिथे सुरू होतात तिथे घरचं काम थांबतं : आयसोब्युटेन पेट घेतो, त्याला जाणता मेकॅनिकच हवा.

नवी रिले बसवून फ्रिज सुरू केला. तासाभरानं कॉम्प्रेसर आपसूक थांबला, आणि त्या शांततेत आतून खळखळ ऐकू आली, डोंगरातल्या झऱ्यासारखी बारीक. मागच्या नळ्यांतला दाब त्या बारीक नळीतून आत ओसरत होता. दोन्हीकडचा दाब सारखा व्हायला काही मिनिटं जातात. लाईट जाऊन लगेच आली तरी स्टॅबिलायझर थांबून राहतो, तो याचसाठी. आज रात्री स्वयंपाकघर निजल्यावर कान देऊन बघा.