गौरवसमारंभाची भाषा

विज्ञानविभागाच्या वार्षिक गौरवसमारंभाची निमंत्रणपत्रिका सामान्यतः एकाच वाक्यात तीन गोष्टी सांगते : गुणवंत विद्यार्थ्यांना पारितोषिके देण्यात येतील, प्राध्यापकांचा सत्कार होईल व त्यानंतर स्नेहभोजन होईल. वाचणाऱ्याचे लक्ष तारीख व वेळ यांकडे असते. ह्या वाक्यातील विभक्तिप्रत्ययांकडे सहसा कोणी पाहत नाही. परंतु गौरव कशाचा आणि किती जणांचा, हे प्रश्न तेथेच गुंतलेले आहेत.

विद्यार्थ्याला पारितोषिक मिळते. प्राध्यापकांचा सत्कार होतो. पहिल्या रचनेत चतुर्थी आहे, दुसरीत षष्ठी. पारितोषिक ही वस्तू होय. ती घरी नेता येते, कपाटात ठेवता येते. सत्कार ही क्रिया आहे. सभा संपली की तीही संपते. ज्याचा सत्कार होतो त्याला मराठीने ‘सत्कारमूर्ती’ असे नाव दिले आहे. ते किंचित विनोदी वाटले तरी नेमके आहे : इतरांची भाषणे होईपर्यंत मूर्तीने स्थिर बसावयाचे असते.

बीड जिल्ह्यातील दिंद्रुडसारख्या गावाहून येणारा विद्यार्थी हे शब्द विद्यापीठात प्रथम ऐकतो असे नव्हे. दहावी-बारावीच्या निकालानंतर गावोगावी गुणवंतांचे सत्कार होतात. शाल, श्रीफळ व हार त्याच्या परिचयाचे असतात. (‘शाल’ फारसीतून आलेली, ‘श्रीफळ’ संस्कृत, दोन्ही एकाच तबकात.) बीड जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दू माध्यमातून चाले. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये निघाले. तथापि गौरवाचे फारसी-अरबी शब्द मराठीत त्याच्या कितीतरी आधीपासून, दरबारी व्यवहारातून, रुजले होते. ‘शाबास’ म्हणजे मुळात ‘शाद बाश’, आनंदी राहा. ‘शिरपाव’ म्हणजे ‘सर-ओ-पा’, डोक्यापासून पायापर्यंतचा मानाचा पोशाख. मराठीने ‘सर’चे ‘शिर’ केले आणि शब्द आपलासा केला. ‘बक्षीस’ आणि ‘इनाम’ हेही त्याच वाटेने आले.

हे सर्व शब्द वरून खाली जातात. धन्याने चाकराला, वडिलांनी मुलाला द्यावयाचे ते बक्षीस. संस्कृत ‘पारितोषिक’ देखील त्याच कुळातले मानावे लागते, कारण त्यातील परितोष देणाऱ्याचा असतो. म्हणूनच विद्यार्थ्याला शाबासकी देता येते, प्राध्यापकांना देता येत नाही. त्यांच्यासाठी भाषा ‘गौरव’ व ‘सन्मान’ राखून ठेवते. ‘गौरव’ शब्दात तर ‘गुरु’ म्हणजे जड, वजनदार, हाच अर्थ आहे.

‘पुरस्कार’ या शब्दाची गोष्ट निराळी आहे. पुरस् + कृ म्हणजे पुढे ठेवणे. एखाद्या मताचा किंवा सिद्धांताचा पुरस्कार करणे हा प्रयोग मराठीत आजही जिवंत आहे. विज्ञानाच्या दृष्टीने हाच अर्थ सर्वांत उचित म्हणावा लागेल : संशोधन काय आहे ते लोकांपुढे ठेवावे. प्रत्यक्षात मानपत्रात ‘ऋषितुल्य’, ‘विद्यार्थिप्रिय’ अशी विशेषणे भरपूर असतात आणि शोधाला एक ओळही मिळत नाही. व्यक्ती पुढे येते व काम मागे राहते. ‘रँग्लर’ हा शब्द याच वाटेने गेला. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ वाद घालणारा. केंब्रिजच्या गणित परीक्षेतील पहिल्या श्रेणीला तो लागला. र. पु. परांजपे 1899 मध्ये सीनियर रँग्लर झाले आणि मराठीत तो शब्द त्यांच्या नावाचाच भाग बनला. ‘रँग्लर परांजपे’ म्हणणाऱ्या कित्येकांना तो गणिताचा शब्द आहे हेही ठाऊक नसते.

खरी अडचण वचनाची आहे. ‘प्राध्यापकांचा सत्कार झाला’ या वाक्यावरून एक प्राध्यापक की दहा, हे कळत नाही; आदरार्थी बहुवचन व संख्यावाचक बहुवचन मराठीत एकाच रूपात भेटतात. ‘संशोधकांचा सत्कार’ असे छापले, तर मार्गदर्शक, शोधछात्र, उपकरण जुळविणारा प्रयोगशाळा साहाय्यक हे सगळे त्यात आहेत, असे वाचणाऱ्यास वाटू शकते. व्यासपीठावर खुर्ची मात्र एकच असते. व्याकरणाने कोणाला वगळलेले नसते. वगळल्याचे दिसू मात्र दिलेले नसते. स्नेहभोजनाला साहाय्यक हजर असतो, बहुधा पाने मांडण्यातही.

शासकीय पुरस्कारांत हा प्रश्न अलीकडे उघडपणे हाताळला गेला. शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार 1958 पासून व्यक्तींना दिला जाई. 2024 मध्ये प्रथम दिल्या गेलेल्या राष्ट्रीय विज्ञान पुरस्कारांत ‘विज्ञान टीम’ हा स्वतंत्र वर्ग आला, आणि त्या वर्षी तो चांद्रयान-3 च्या चमूस मिळाला. ‘टीम’ व ‘चमू’ दोन्ही समूहवाचक एकवचने, त्यामुळे आदरार्थी बहुवचनाचा घोळ उरत नाही. नावे मात्र तरीही वेगळी छापावीच लागतात.