माळ्यावरून उतरलेलं जातं कुठे?

दसरा ते दिवाळी या वीस दिवसांत मराठी घरं जेवढी हलकी होतात तेवढी एरवी बहुधा वर्षभरात होत नाहीत. माळे उतरतात, पलंगाच्या पेट्या उघडतात, बंद पडलेला मिक्सर आणि मुलांच्या पाचवीच्या वह्या दाराशी येऊन बसतात. या साफसफाईला अलीकडे पर्यावरणप्रेमाचं बिरूदही लागलं आहे. कमी वस्तू, मोकळं घर, म्हणून हिरवं घर. मोकळ्या घराबद्दल तक्रार नाही. पण बाहेर काढलेलं सामान कुठे तरी जाऊन पडतंच. मुंबईत ते १९२७ पासून देवनारला पडतं आहे, पुण्यात वर्षानुवर्षं उरुळी देवाची-फुरसुंगीला पडलं. २०१६ च्या जानेवारीत देवनारचा डोंगर पेटला तेव्हा धुरामुळे आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. त्या डोंगरात दर दिवाळीच्या साफसफाईचाही वाटा होताच.

'आवरलं की झालं' हा समज पक्का करण्यात मारी कोंडो या जपानी लेखिकेचा हात मोठा. २०११ साली जपानमध्ये आलेलं तिचं पुस्तक आणि २०१९ ची नेटफ्लिक्सवरची मालिका यांनी जगभरची कपाटं रिकामी केली. मनाला आनंद न देणारी वस्तू काढून टाका, हा तिचा मंत्र. पण जपानमध्ये वस्तू टाकणं फुकट नसतं, ही गोष्ट त्या मंत्राबरोबर आपल्याकडे आली नाही. तिथे फ्रिज, टीव्ही, एसी किंवा वॉशिंग मशीन टाकायचं तर २००१ पासून कायद्याने पुनर्प्रक्रियेचं शुल्क ग्राहकाने भरायचं असतं. मोठं फर्निचर टाकण्यासाठीही वेगळे पैसे पडतात. आपल्याकडे उलट आहे. रद्दीवाला आणि भंगारवाला आपल्याच हातावर पैसे ठेवतात, त्यामुळे वस्तू मार्गी लागली असं वाटतं. प्रत्यक्षात पैसे मिळतात ते लोखंड, तांबं, कागद आणि ठरावीक प्लास्टिकचे. बाकीचं कुणी विकत घेत नाही, म्हणजेच त्याचं पुढे काही होत नाही.

"जुने कपडे दिले की कुणाच्या तरी अंगावर जातात."

काही जातात. बोहारीण स्टीलच्या पातेल्याच्या बदल्यात साड्या घेऊन जायची, तेव्हा ती एकेक साडी उजेडात धरून पाहायची आणि विरलेली परत करायची. तिच्या त्या घासाघिशीत कचऱ्याची छाननी होत होती. आता आपण सोसायटीच्या पेटीत गाठोडं टाकतो आणि छाननी दुसऱ्यांवर सोपवतो. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. अंशू गुप्ता यांच्या 'गूंज' संस्थेने ते गोळा करून निवडले. आपत्तीत सापडलेल्या माणसाला आपला फाटका शर्ट नको असतो, इतकी साधी गोष्ट त्या ढिगांनी दाखवून दिली. लोकरी कपड्यांचा मोठा प्रवाह हरियाणातल्या पानिपतला जातो. तिथे त्यांच्या चिंध्या करून पुन्हा सूत काढतात आणि घोंगड्या विणतात. पण सुती-पॉलिएस्टर मिश्र कापडातले धागे वेगळे करणं अवघड, आणि आजच्या कपाटात बहुतेक तेच भरलेलं असतं.

तेव्हा द्यायचे कपडे धुतलेले, बटणं शाबूत आणि उद्या स्वतः घालता येतील असे असावेत. विरलेल्या सुती कापडाची फडकी करावीत. पॉलिएस्टरचं फडकं पाणी नीट टिपत नाही, त्यामुळे जुना कुर्ता म्हणजे पुसणं हा हिशेब आता प्रत्येक कुर्त्याला लागू होत नाही. खरा उपाय दुकानातच होतो, तो म्हणजे न घेणं. दिवाळीच्या खरेदीआधी हे लिहिणं म्हणजे रोष ओढवून घेणं आहे, याची कल्पना आहे.

"प्लास्टिकचे डबे काढून काचेच्या बरण्या आणल्या की स्वयंपाकघर पर्यावरणस्नेही होतं."

स्वयंपाकघर देखणं होतं, एवढंच. जो डबा तयार करताना व्हायचं ते नुकसान होऊन गेलं आहे, तो धडधाकट असताना फेकायचा आणि त्या जागी भट्टीत तापवून बनवलेली, वजनदार, ट्रकने आलेली बरणी आणायची, यात पृथ्वीचा फायदा शोधून सापडत नाही. श्रीखंडाच्या डब्यात गरम आमटी ओतू नये, हे खरं. त्याचं प्लास्टिक त्यासाठी नसतं. पण खिळे, बटणं, बिया, रबरं यांच्यासाठी तो पुढची दहा वर्षं उत्तम आहे.

डब्याच्या तळाशी बाणांचा त्रिकोण असतो, त्यावरून तो पुनर्वापरात जाणारच असं अनेकांना वाटतं. तो त्रिकोण फक्त प्लास्टिकची जात सांगतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे शाम्पूच्या बाटल्यांचं जाड पॉलिथिन, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ७ म्हणजे इतर सगळं. १, २ आणि ५ ला बऱ्यापैकी गिऱ्हाईक असतं, ७ ला जवळपास नसतं. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, म्हणून त्या भंगारात कुणी घेत नाही.

"कापडी पिशवी केव्हाही चांगली."

महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लास्टिक वस्तूंवर देशभर आली. बंदीमागचं कारण रास्त आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तुंबलेल्या नाल्यांत या पिशव्या किती होत्या ते मुंबईने पाहिलं. पण कापसाची पिशवीही आभाळातून पडत नाही. कापसाला पाणी, खत, कीटकनाशक लागतं. पुढे कातणं, विणणं, रंगवणं आहेच. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली हिशेब मांडला होता. एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या तुलनेत हवामानावरचा भार कमी व्हायचा असेल, तर सुती पिशवी किमान १३१ वेळा वापरली पाहिजे. डेन्मार्कच्या २०१८ च्या अभ्यासात हवामानापुरता हा आकडा ५२ आला. मोजण्याच्या पद्धती वेगळ्या, पण दोन्हींचा रोख एकच आहे.

आठवड्यातून दोनदा मंडईत नेली तर १३१ फेऱ्यांना सव्वा वर्ष लागतं. म्हणजे एक पिशवी सहज भरपाई करते. अडचण दाराच्या खुंटीवर आहे. लग्नात मिळालेली, पुस्तक प्रकाशनात मिळालेली, साडीच्या दुकानातली, बँकेची, अशा तीस पिशव्या तिथे लटकत असतात आणि भाजी आणायला आपण रिकाम्या हाताने जातो. नवी कापडी पिशवी नम्रपणे नाकारणं हे ती स्वीकारण्यापेक्षा हिरवं काम आहे.

'कंपोस्टेबल' पिशव्यांचंही ऐका. त्या कुजतात, पण औद्योगिक खतनिर्मितीच्या साधारण ५८ अंश सेल्सिअस उष्णतेत. बाल्कनीतल्या कुंडीत त्या बराच काळ पिशवीच राहतात. आणि कागदी कप कागदी असतो तो बाहेरून. आतून त्याला प्लास्टिकचा पातळ थर असतोच, नाही तर चहा गळला असता.

भंगारात देताना तीन गोष्टींचा अपवाद करायला हवा. पहिला फ्रिज. जुन्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१३४ए हा वायू असतो, त्याहून जुन्यांत ओझोन थर पोखरणारा सीएफसी. नळी छाटून कॉम्प्रेसर काढला की वायू हवेत जातो. आर-१३४ए ची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता, वजनास वजन, कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटींहून अधिक आहे. दुसरी इलेक्ट्रॉनिक अडगळ. तांब्यासाठी वायर जाळणं आणि सोन्यासाठी सर्किट आम्लात बुडवणं हे दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्त्यांमध्ये उघड्यावर चालत आलं आहे, आणि ते करणाऱ्यांच्या फुप्फुसांवर त्याची किंमत वसूल होते. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार उत्पादनांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी कंपन्यांवर आहे, त्यामुळे फ्रिज असो वा फोन, कंपनीच्या सेवाकेंद्रात किंवा नोंदणीकृत केंद्रातच द्यावा. तिसरी ट्यूबलाइट आणि सीएफएल. त्यांत काही मिलिग्रॅम पारा असतो, म्हणून त्या फोडून कचऱ्यात टाकू नयेत.

"मोबाईलचा चार्जर काढून ठेवला की वीज वाचते."

वाचते, पण किती? नुसता खोचलेला आधुनिक चार्जर साधारण ०.२ वॉट ओढतो. वर्षभराचे पावणेदोन युनिट होतात. एक बादलीभर, म्हणजे २० लिटर पाणी १५ अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट लागतं. म्हणजे वर्षभर चार्जर काढण्याच्या शिस्तीने जे कमावलं ते पाच बादल्या गरम पाण्यात गेलं. काढून जरूर ठेवा, पण त्याच घरात टीव्ही बंद करूनही सेट-टॉप बॉक्स चालूच असेल तर तो १० वॉटच्या हिशेबाने वर्षाला ८७ युनिट खातो. रात्री झोपताना बटण बंद करायचं तर ते याचं.

पंखा तर घराघरात दुर्लक्षित. जुना छताचा पंखा ७५ वॉटचा असतो, बीएलडीसी मोटरचा ३० वॉटच्या आसपास. रोज १५ तास, वर्षातले ३०० दिवस धरले तर एका पंख्यामागे दोनशे युनिट वाचतात. आहे ते वापरत राहा, हा नियम मी वर डब्यांबाबत सांगितला. तो पंख्याला आणि फ्रिजला तसाच लागू होत नाही, कारण त्यांचं बहुतेक नुकसान बनवताना होत नसून रोजच्या विजेत होतं. जो पंखा सर्वांत जास्त फिरतो तो आधी बदलावा, पाहुण्यांच्या खोलीतला राहू द्यावा. आणि पंचतारांकित नवा फ्रिज घेऊन जुना गॅलरीत थंड पाण्यासाठी चालू ठेवणं ही बचत नव्हे. एसीच्या बाबतीत ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचा अंदाज असा की तापमान एका अंशाने वाढवलं तर सुमारे ६ टक्के वीज वाचते.

साफसफाईच्या घरगुती नुस्ख्यांबद्दल थोडं खरमरीत लिहायला हवं. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र केला की फसफसून फेस येतो आणि तो पाहून फार समाधान वाटतं. पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना निष्प्रभ करतात. मागे उरतं बहुतांशी पाणी आणि थोडा क्षार. बोअरवेलच्या पाण्याचे पांढरे डाग घालवायला एकटं व्हिनेगर किंवा लिंबू चालतं, तेलकटपणाला एकटा सोडा. फळांच्या सालींचं बायो-एन्झाइम (एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने) फरशी पुसायला बरं आहे, पण त्याला जंतुनाशक समजून आजारी माणसाच्या खोलीत त्यावर विसंबू नये. आणि संडास धुण्याचं आम्ल व ब्लीच कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद न्हाणीघरात तो जिवावर बेततो.

"घरी खत करायचं तर वास येतो, अळ्या होतात, गच्ची लागते."

भारतीय शहरांतल्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा भाग ओला असतो. घरातून टाकायच्या वस्तूंबद्दल आपण एवढा विचार करतो, पण वजनाने सर्वांत मोठा वाटा या भाजीच्या देठांचा आणि सालींचा. डेपोवर ढिगाखाली हवा न मिळता तो कुजतो तेव्हा मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट तापदायक आहे.

वास येतो तो खताचा नसतो, गुदमरलेल्या कचऱ्याचा असतो. भोकं पाडलेली बादली किंवा माठ घ्या. तळाशी काड्या आणि सुका पालापाचोळा घाला. ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर तेवढाच किंवा थोडा जास्त सुका पाला किंवा कोकोपीट पसरा, सुरुवातीला थोडं आंबट ताक शिंपडा, आठवड्यातून एकदा वरखाली करा. मूठभर माल दाबला तर ओलसर लागावा, पाणी गळू नये. गळलं तर पाला वाढवा. दोन-तीन महिन्यांत मातीचा वास असलेलं काळं खत मिळतं. चपट्या करड्या अळ्या दिसल्या तर त्या बहुधा काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, उलट कचरा झपाट्याने फस्त करतात. हाडं आणि तेलकट उष्टं मात्र घालू नका. बाल्कनीतली दीड हात जागा पुरते. गंमत अशी की या कामाला लागणारा सुका पाला अनेक सोसायट्या झाडून काढतात आणि कोपऱ्यात जाळतात.

देवाच्या जुन्या तसबिरी पिंपळाखाली ठेवल्या की विसर्जन झालं, असंही नाही. पावसात कागद भिजतो, काच फुटते आणि शेवटी सफाई कामगाराच्या हातात घुसते. नमस्कार करून घरीच काच, लाकूड आणि कागद वेगळे करावेत. त्यात अधर्म नाही.

शेवटचा समज सर्वांत घातक: "वेगळं करून उपयोग काय, गाडीत सगळं एकत्रच जातं." काही ठिकाणी जातं, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि तिथे नगरसेवकाला जाब विचारला पाहिजे. पण २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग घरातच करणं बंधनकारक केलं. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या सदस्य, बहुसंख्य महिला, दारोदार जाऊन हा कचरा घेतात. ही संस्था कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत या १९९३ सालच्या संघटनेतून उभी राहिली. सुका माल विकून येणारे पैसे या महिलांच्या कमाईचा भाग असतात. आमटीने माखलेला कागद किंवा आंबलेल्या श्रीखंडाने भरलेला डबा विकला जात नाही. म्हणून डबा टाकण्याआधी विसळा, फुटकी काच वर्तमानपत्रात गुंडाळा, सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. उघडताना कचरावेचक महिलेला आत काय आहे ते कळलं पाहिजे, कारण ते ती हातानेच उघडते.