पंधरा सेकंदांत न मावणारी सही

गेल्या भीमजयंतीच्या कार्यक्रमासाठी माझी नऊ वर्षांची मुलगी नृत्याचा सराव करीत होती. वामनदादा कर्डकांच्या एका गीताचा मुखडा तिने रीलवरून पाठ केला होता. मी संपूर्ण गीत लावले, तेव्हा ती चकित झाली. ‘बाबा, हे गाणं एवढं मोठं आहे?’ अखेरच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव आले आणि तिने विचारले, ‘हे कोण?’

शाहिरी परंपरेत कवी आपले नाव शेवटच्या कडव्यात गुंफतो. ज्यांच्या हाती छापखाने नव्हते, त्यांची ती सही होती. पंधरा-वीस सेकंदांच्या चित्रफितीत मुखडा उरतो. सही गळून पडते.

संगणक अभियंता म्हणून मला यामागची यंत्रणा ठाऊक आहे. प्रेक्षकाने चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली का, पुन्हा पाहिली का, इतरांना धाडली का, यावरून ती पुढे कोणाला दाखवायची हे ठरते. त्याच ध्वनीवर हजारो जण नवी चित्रफीत रचतात. मात्र ध्वनी रीतसर नोंदलेला नसेल, तर त्यावर गीतकाराऐवजी तो चढवणाऱ्याचेच नाव झळकते.

या माध्यमाने बंद दारे उघडली, हेही खरे. लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय तरुणाने अवघ्या तीस डॉलरना घेतलेल्या संगीतावर ‘ओल्ड टाउन रोड’ हे गीत रचून डिसेंबर 2018 मध्ये स्वतःच प्रसिद्ध केले. टिकटॉकवर ते गाजले. मार्च 2019 मध्ये बिलबोर्डने ते कंट्री संगीताच्या यादीतून वगळले. तरीही मुख्य यादीत ते 19 आठवडे अग्रस्थानी राहिले. याउलट, 2019 मध्ये ‘रेनेगेड’ हे नृत्य रचणारी अटलांटाची चौदा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी जलाया हार्मन हिचे नाव मागेच राहिले. प्रसिद्धी इतरांना मिळाली. तिचे श्रेय जगापुढे आले ते फेब्रुवारी 2020 मध्ये, वृत्तपत्राने दखल घेतल्यावर.

बलाढ्य कंपन्या आपला हक्क वसूल करू शकतात. 2024 च्या आरंभी युनिव्हर्सल म्युझिकने मोबदल्याच्या वादातून आपली गाणी टिकटॉकवरून काढून घेतली आणि मे महिन्यात नवा करार केला. गावोगाव गाणाऱ्या शाहिराच्या वारसांकडे असे बळ कुठून येणार? भारतीय कायद्यानुसार कवीच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. वामनदादा 2004 मध्ये गेले. म्हणजे त्यांच्या शब्दांवरील हक्क 2064 अखेरपर्यंत जिवंत आहे. परंतु नावच पुसले गेले, तर हक्क सांगायचा कोणाच्या वतीने?

आपण परदेशस्थ कुटुंबे निदान एवढे करू शकतो. भीमगीताची चित्रफीत चढवताना कवी, संगीतकार आणि गायक यांची नावे लिहावीत. गावच्या घरी जुन्या कॅसेटी असतील, तर त्यांच्या वेष्टनांची छायाचित्रे काढून ठेवावीत. अनेक नावांचा तेवढाच पुरावा उरला असेल. आणि कार्यक्रमात एक तरी गीत अखेरच्या कडव्यापर्यंत गावे.

त्या दिवशी मुलीने नृत्य मुखड्यावरच केले, कारण वेळ कमी होता. मात्र त्याआधी ध्वनिक्षेपकासमोर उभी राहून तिने कवीचे नाव सांगितले. सभागृहातल्या काही मुलांनी ते प्रथमच ऐकले असावे.