नुंगंबाक्कमला चंद्र किती वाजता?

माझी आत्या लग्न होऊन चेन्नईत गेली ती तिथलीच झाली. नुंगंबाक्कममध्ये राहते, तमिळ फर्डं बोलते, पण भिंतीवरची दिनदर्शिका मराठीच लागते. संकष्टीच्या दिवशी मात्र पंचाईत होते. दिनदर्शिकेत चंद्रोदय मुंबईचा, पुण्याचा, नागपूरचा; चेन्नईचा पत्ता नाही. आत्याचा तोडगा ठरलेला: "मुंबईच्या वेळेतून अर्धा तास वजा कर नि कुकर लाव."

हा अर्धा तास कुठून आला? मुंबईचे रेखांश सुमारे ७२ अंश ५० कला, नुंगंबाक्कमचे सुमारे ८० अंश १५ कला. फरक साडेसात अंशांना थोडा कमी. पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात, म्हणजे जवळजवळ तीस मिनिटं. एका अंशाला चार, तर साडेसात अंशांना किती? शाळेतलं त्रैराशिक. 'अंतर्वेशन' हा जड शब्द ज्या कृतीसाठी वापरतात, तिच्या पोटातही हे त्रैराशिकच असतं. दोन ठिकाणची किंमत माहीत आहे, मधल्या ठिकाणची नाही. मग दोन बिंदूंना जोडणारी सरळ रेघ ओढायची आणि मधलं उत्तर त्या रेघेवरून वाचायचं. मुंबईचा आणि नागपूरचा चंद्रोदय छापलेला असेल तर अकोल्याचा असा काढता येतो, कारण पूर्वेकडच्या वाटेवर अकोला साधारण दोन-तृतीयांशावर आहे. मुंबईच्या वेळेतून दोघांमधल्या फरकाचा दोन-तृतीयांश वजा केला, की झालं.

नुंगंबाक्कम मात्र नागपूरच्याही पूर्वेला आणि बरंच दक्षिणेला. म्हणजे आत्या करते ते अंतर्वेशन नव्हे, कुंपणाबाहेर उडी मारणं आहे. त्याला बहिर्वेशन म्हणतात आणि तिथे पाय मुरगळायची शक्यता जास्त. थंडीतल्या संकष्टीला चंद्र उत्तरेकडून उगवतो, तेव्हा मुंबई-चेन्नईतला फरक अर्ध्या तासावरून वीसेक मिनिटांवर येतो. जूनच्या सुमारास तोच चाळिशीकडे सरकतो. आत्याला हे अनुभवाने माहीत आहे. "थंडीत चंद्र उशीर करतो गं," एवढंच तिचं स्पष्टीकरण.

बारावीपर्यंत लॉग टेबल वापरलेल्या प्रत्येकाने अंतर्वेशन केलेलं आहे, फक्त नाव माहीत नव्हतं. उजवीकडचे ते बारीक आकड्यांचे रकाने, 'मीन डिफरन्स'चे, म्हणजे आधीच करून ठेवलेलं त्रैराशिक. २.३४ चा लॉग ०.३६९२, २.३५ चा ०.३७११. मग २.३४५ चा? मधोमध, ०.३७०१५. खरी किंमत ०.३७०१४. इतकं जमतं ते फट बारीक आहे म्हणून. आता टेबल हरवलंय आणि फक्त २ आणि ३ चे लॉग पाठ आहेत असं धरा: ०.३०१० आणि ०.४७७१. २.५ चा लॉग सरळ रेघेने ०.३८९१ येतो, खरा आहे ०.३९७९. उत्तर दुसऱ्याच दशांश स्थळी लंगडलं. सर्वसाधारण हिशेब असा, की दोन नोंदींतली फट दहापट बारीक केली तर चूक शंभरपट आटते. कोष्टकं जाडजूड का असत, ते इथे कळतं.

आपल्याकडे हे फार जुनं आहे. आर्यभटाने 'ज्यां'चं, म्हणजे साइनचं, कोष्टक पावणेचार-पावणेचार अंशांच्या २४ पायऱ्यांनी दिलं. मधल्या कोनाला त्रैराशिक लावायचं. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६६५ च्या 'खंडखाद्यका'त पायरी १५ अंशांची केली. कोष्टक सहा ओळींत आटोपलं, पण फट इतकी रुंद की सरळ रेघ टिकेना. म्हणून त्याने मागच्या आणि पुढच्या फरकांची तुलना करून रेघेला बाक देणारा नियम दिला. पाठांतर कमी, अक्कल जास्त. सौदा मला आवडतो.

आत्याच्या घरापासून थोड्या अंतरावर, कॉलेज रोडवर, हवामान खात्याचं प्रादेशिक केंद्र आहे. त्या आवारात ग्रॅनाइटचा एक स्तंभ आहे. ईस्ट इंडिया कंपनीची मद्रास वेधशाळा १७९२ मध्ये इथे उभी राहिली, तेव्हा त्यावर दुर्बीण बसवलेली होती. इथल्या खगोलनिरीक्षकाचा अर्धा जन्म कोष्टकाच्या दोन ओळींमध्ये जाई. ब्रिटिश नाविक पंचांगात चंद्र आणि ताऱ्यांमधली कोनीय अंतरं ग्रीनिचच्या वेळेने दर तीन तासांना दिलेली असत. इथे रात्रीचे नऊ, म्हणजे ग्रीनिचला दुपारचे तीन वाजून ३९ मिनिटं. कोष्टकात तीनची नोंद आहे, सहाची आहे, ३:३९ ची नाही. १८० मिनिटांतली ३९, म्हणजे पाचव्या हिश्शाहून थोडं पुढे. करा त्रैराशिक, मग लावा डोळा दुर्बिणीला.

या वेधशाळेतले एक कर्मचारी चिंतामणी रघुनाथाचारी. १८६७ मध्ये त्यांनी जालक तारकासमूहातला एक रूपविकारी तारा शोधला. लोकांशी त्यांचा संबंध आला तो वेगळ्याच कारणाने: त्यांनी नाविक पंचांगाच्या आधारे 'दृग्गणित पंचांग' काढलं. परंपरागत पंचांगातली ग्रहणं आणि आकाशातली ग्रहणं यांचा मेळ बसत नव्हता, ही त्यांची तक्रार. गंमत अशी, की तेव्हाच महाराष्ट्रात नेमकं हेच चाललं होतं. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे टिळकांचे गुरू केरूनाना, यांनीही तरुणपणी मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत काम केलेलं. त्यांचं 'ग्रहसाधनाची कोष्टके' १८६० मध्ये आलं आणि शके १७८७, म्हणजे १८६५ पासून, त्यांचं गणित घेऊन पटवर्धनी पंचांग निघू लागलं. दोन वेधशाळा, दोन कारकून-पंडित, आणि दोघांचाही हट्ट एकच: पंचांग आकाशाशी जुळलं पाहिजे.

तिथी काढताना अंतर्वेशन डोळ्यांपुढे घडताना दिसतं. चंद्र सूर्याच्या बारा अंश पुढे गेला की एक तिथी संपते. समजा, आज सूर्योदयाला दोघांतलं अंतर १३० अंश आणि उद्याच्या सूर्योदयाला १४२.२. शुद्ध एकादशी १३२ अंशांवर संपणार. दिवसभरात १२.२ अंश चालायचे, त्यातले दोन चालायला किती वेळ? ६० घटींचा तेवढा हिस्सा, म्हणजे ९ घटी ५० पळं. सूर्योदयानंतर सुमारे तीन तास छप्पन्न मिनिटं. यात चंद्र दिवसभर एका चालीने चालतो असं धरलंय, आणि तो तसा चालत नाही. कधी दिवसाला १२ अंशांहून कमी, कधी १५ हून जास्त. म्हणून चोवीस तासांच्या फटीवर विसंबलं की तिथी काही मिनिटांनी चुकते. उपास सोडणाऱ्याला काही मिनिटं म्हणजे काही नाही. पण तिथी सूर्योदयाच्या आगेमागे संपत असली, तर दोन घरांत दोन दिवशी एकादशी होते.

वेधशाळेचं खगोलाचं काम १८९९ मध्ये कोडाईकनालला गेलं. नुंगंबाक्कमला हवामान उरलं. आजही चेन्नईच्या पावसाच्या बातमीत दोन नावं जोडीने येतात, नुंगंबाक्कम आणि मीनंबाक्कम. १ डिसेंबर २०१५ च्या त्या महापुराच्या पावसात, २ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या चोवीस तासांत, नुंगंबाक्कमला सुमारे २९ सेंटिमीटर पडला आणि तांबरमला ४९.

लोकलने नुंगंबाक्कमहून तांबरमकडे निघालात तर तांबरम हे बारावं स्टेशन: कोडंबाक्कम, मांबलम, सैदापेट, गिंडी, असं करत. मीनंबाक्कम सातवं. सगळी स्टेशनं सारख्या अंतरावर आहेत असं घटकाभर धरू (नाहीत, पण धरू). बारा स्टेशनांत वीस सेंटिमीटर वाढला, तर सात स्टेशनांत पावणेबारा. म्हणजे मीनंबाक्कमला जवळपास ४१ सेंटिमीटर पडायला हवा होता.

तिथल्या विमानतळावर प्रत्यक्षात मोजला गेला ३४.५. सहा सेंटिमीटरहून जास्त तफावत. एरवी चेन्नईत तेवढा एका दिवसात पडला तर बातमी होते. पाऊस लॉगसारखा गुळगुळीत वाढत नाही. एक ढग गिंडीवर थांबतो, दुसरा पल्लावरमला रिता होतो. पंचांगकर्त्याने इथे उसना आत्मविश्वास दाखवला तर फजिती ठरलेली, म्हणून हवामानवाले मधे मधे आणखी पर्जन्यमापकं बसवतात. ब्रह्मगुप्ताच्या नेमक्या उलट. बाक कसा आहे तेच माहीत नसेल तर तो काढणार कशावरून?

सैदापेट या रेषेवर तिसरं. आमच्या हिशेबाने तिथे ३४ सेंटिमीटर. अड्यार नदी सैदापेटवरूनच जाते, आणि त्या रात्री तिच्यात आलेलं पाणी सैदापेटच्या पावसाचं नव्हतंच. ते वरून, चेंबरंबाक्कम तलावाकडून आणि तांबरमच्या बाजूने उतरत होतं.