शोधगंगेवर परिशिष्टही जातं

आपला पीएचडीचा प्रबंध शेवटी इन्फ्लिबनेटच्या 'शोधगंगा'वर जातो. यूजीसीच्या २००९च्या नियमांतच तशी तरतूद होती. चांगलंच आहे, वर्ध्यात बसून गुवाहाटीचा प्रबंध फुकट वाचता येतो. पण सोबत परिशिष्टही जातं ना! समजा, तुम्ही देवळी तालुक्यात आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या. नाव काढून 'प्रतिसादक क्र. ७' लिहिलं. पण गाव, वय, पतीच्या मृत्यूचं वर्ष तसंच राहिलं, तर ती बाई कोण हे गावातला कुणीही सांगेल. म्हणून गावाऐवजी तालुका, वयाऐवजी वयोगट लिहा. संमतीपत्रं तर ग्रंथालयाला द्यायच्या फाइलमध्ये नकोतच. आणि हे मुलाखतीआधीच ठरवा, कारण 'हे इंटरनेटवर कुणालाही वाचता येईल' असं संमती घेतानाच तिला सांगावं लागतं.