माळवदाची तुळई आणि इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटार बिघडली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. पहिला, "पुण्या-मुंबईला पाठव." दुसरा, "टाकून दे, नवीन घे." तिसराही एक मार्ग आहे, आणि तो आपल्या सेकंड इयरच्या सिलॅबसमधूनच जातो! स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, मेट्रॉलॉजी, फॅराडेचा नियम आणि फर्स्ट इयरचं कार्पेंटरी शॉप, बस्स. हा लेख त्या तिसऱ्या मार्गाबद्दल आहे.

केस अशी होती. माझ्या दादाची गिटार प्रवासात आपटली. तिची बॉडी प्लायची होती. नेक जिथे बसते तिथून ती चिरली आणि पुढच्या पावसाळ्यात प्लायचे थर सुटायला लागले. नेक मात्र ठणठणीत, पिकअप चालू, ब्रिज चालू. म्हणजे माणूस धडधाकट आणि फक्त घर पडलेलं. नुसती बॉडी नांदेडला मिळत नाही, लातूरलाही नाही. बाहेरून मागवायची तर गिटारच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. तेव्हा ठरवलं, बॉडी आपणच करायची.

आधी थिअरी: बॉडीचं काम काय?

सतारीत किंवा साध्या गिटारमध्ये आवाज मोठा करण्याचं काम भोपळा किंवा पोकळ पेटी करते. मिरज म्हटलं की आम्हा लातूरकरांना एप्रिल २०१६ मधली पाण्याची रेल्वे आठवते. पण मिरजेची खरी ओळख तंतुवाद्यांची. शस्त्रं बनवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात तिथे वाद्यं घडवायला सुरुवात केली, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. तिथला कारागीर भोपळा निवडताना इतका चोखंदळ असतो, कारण तारेची कंपनं हवेपर्यंत पोचवायचं काम त्या भोपळ्यालाच करायचं असतं.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये हे काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार चुंबकामुळे स्वतःही थोडी चुंबकीय होते. ती हलली की कॉइलमधला फ्लक्स बदलतो, व्होल्टेज तयार होतं आणि ते ॲम्प्लिफायरला जातं. बारावीत पाठ केलेला फॅराडे तो हाच! म्हणूनच १९३२ साली बाजारात आलेल्या रिकेनबॅकर 'फ्राइंग पॅन' गिटारची बॉडी चक्क ॲल्युमिनियमची होती. लेस पॉल यांनी १९४० च्या सुमारास चार इंच बाय चार इंच लाकडाच्या ठोकळ्यावर तारा ताणल्या आणि तीही गिटार वाजली.

मग लाकडावरून एवढा वाद का? वादकांमध्ये 'लाकडाने टोन बदलतो का' यावर भांडणं होतात. माझ्या समजुतीप्रमाणे तार कोणती, पिकअप तारेखाली नेमका कुठे, तारेपासून किती अंतरावर आणि पुढे ॲम्प्लिफायर कोणता, या गोष्टींचा परिणाम लाकडाच्या जातीपेक्षा कितीतरी मोठा असतो. पण म्हणून बॉडी कशीही चालते असं नाही. तिला तीन कामं करावीच लागतात: नेक आणि ब्रिज एकमेकांपासून तसूभरही हलू न देणं, ऋतू बदलला तरी आकार न बदलणं, आणि खांदा मोडेल इतकं जड न होणं.

ताण किती?

तारेचा ताण काढायचं सूत्र फिजिक्समधलंच: ताण = μ × (२ × लांबी × वारंवारता)². स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या गिटारमध्ये तारेची मोकळी लांबी ६४८ मिलिमीटर असते. सगळ्यात बारीक तार ०.०१० इंचाची, तिची वारंवारता सुमारे ३३० हर्ट्झ, आणि एक मीटर तारेचं वजन सुमारे ०.४ ग्रॅम. आकडे घालून बघा, जवळपास ७३ न्यूटन येतात. म्हणजे साडेसात किलो, फक्त एका बारीक तारेचे! सहाही तारांचे मिळून होतात साधारण ४७ किलो. म्हणजे जवळजवळ सिमेंटचं एक पोतं त्या नेकला चोवीस तास ओढत असतं. प्लायचे थर तिथेच का सुटले ते यावरून कळतं.

लाकूड कुठून आणायचं?

फेंडर कंपनी अल्डर आणि ॲश वापरते. ही झाडं आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे मिळतं आंबा, शिसव आणि सागवान. एका बॉडीत साधारण चार लिटर लाकूड लागतं. शिसवाची घनता हजार लिटरला आठशे किलोच्या वर, म्हणजे नुसती बॉडीच सव्वातीन किलोच्या पुढे. सागवान साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे २.६ किलो. किनवट-माहूरच्या जंगलामुळे नांदेडकरांना सागवानाची ओळख करून द्यायला नको. पण सॉ मिलमधला ताजा साग पुरेसा वाळलेला नसतो. आपल्याकडे मे महिन्यात हवा कोरडी ठाक आणि ऑगस्टमध्ये दमट. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने आकुंचन-प्रसरण पावतं, आणि न वाळलेलं लाकूड बॉडी झाल्यावर वाकलं तर सगळी मेहनत फुकट.

वाळलेलं, मुरलेलं लाकूड आमच्या घरी होतं. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी आजीच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या घराची एक तुळई पडून होती. आपल्याकडची जुनी घरं माळवदाची. सागवानी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या, आणि त्यावर फूट-दोन फूट माती. भिंती मातीत रचलेल्या दगडांच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा या भिंती फुटल्या आणि वरची माती खाली आली. हजारो माणसं गेली. आमचे आजोबा त्याच घरात गेले. बरंचसं लाकूड नंतर चौकटींना आणि सरपणाला लागलं. उरली ती ही एक तुळई, तीही अडीच फुटांचा तुकडा.

मागायला मला जड जात होतं. पण आजीच म्हणाली, "लाकडानं नाही मारलं बाई, दगडा-मातीनं मारलं. लाकूड तर उभंच होतं. ने तू. पण वाया घालू नको."

आजीचं म्हणणं सिव्हिलच्या पुस्तकातही सापडतं. किल्लारी भागात भिंती कोसळल्या तरी लाकडी सांगाडा उभा राहिला, अशी घरं बरीच होती. घात केला तो दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या वजनाने. शेवटचं वाक्य मात्र माझ्यासाठी होतं. तुळई सात इंच रुंद आणि पाच इंच उंच. त्यातून दोन इंची फळ्या निघणार दोनच, आणि बॉडीला लागणार दोनच. तिसरी नाही. म्हणजे चान्स एकच!

कापण्याआधी

जुन्या लाकडात खिळे असतात. सॉ मिलच्या पात्याला खिळा लागला की पातं जातं, कधी माणूसही जखमी होतो. साधा उपाय म्हणजे जुन्या स्पीकरमधलं चुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून हळूहळू फिरवायचं. जिथे ते ओढलं जातं तिथे खडूने खूण. आम्हाला चार खिळे सापडले, त्यातला एक पूर्ण आत बुडालेला होता. सागात लोखंड मुरलं की भोवती काळा डाग पडतो, तीही एक खूणच.

कापल्यावर फळ्या लगेच वापरायच्या नाहीत. जाड लाकडाच्या आतले ताण मोकळे होतात आणि फळी थोडी पीळ घेते. दोन्हींच्या मध्ये काड्या ठेवून सावलीत रचायच्या आणि रोज वजन करायचं. वजन सलग आठवडाभर बदललं नाही की समजा लाकूड हवेशी जुळलं. यासाठी लॅबमधला काटा उपयोगी पडतो, लॅब असिस्टंट सरांना मस्का मात्र लावावा लागतो!

जोडकाम आणि माप

दोन फळ्या कडेला कड लावून चिकटवल्या. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे फेव्हिकॉल धरत नाही. म्हणून रंधा मारल्यावर कड थिनरने पुसायची आणि लगेच गोंद लावायचा. शिकंजे आवळून चोवीस तास हात लावायचा नाही. सागात सिलिकाही असते, रंध्याचं आणि पटाशीचं पातं लवकर बोथट होतं. आमचे सुतारमामा दर अर्ध्या तासाला धार लावत होते. "ताई, हे लाकूड पोलाद खातंय," म्हणायचे. आणि सागाचा भुसा नाका-घशाला झोंबतो, मास्क हवाच.

आकार आधी सहा मिलिमीटरच्या एमडीएफमध्ये कापून साचा केला. चूक झालीच तर साच्यात होऊ दे, तुळईत नको. राउटर प्रथम आंब्याच्या तुकड्यावर चालवून पाहिला आणि मगच सागावर, एका वेळी तीन मिलिमीटरपेक्षा खोल नाही.

मापं अशी: बॉडीची जाडी ४४ मिलिमीटर, नेकचा खाचा सुमारे ५६ मिलिमीटर रुंद आणि १६ मिलिमीटर खोल. खाचा आधी किंचित घट्टच ठेवायचा आणि पॉलिश पेपरने हळूहळू मोठा करायचा. स्क्रू न लावता नेक खाच्यात बसवून बॉडी उचलली आणि ती पडली नाही, तर फिटिंग बरोबर. नेकचे चार स्क्रू बॉडीतल्या भोकांतून सैल गेले पाहिजेत आणि फक्त नेकच्या लाकडात आवळले पाहिजेत, तरच नेक खाली ओढून घट्ट बसते.

सगळ्यात महत्त्वाचं माप ब्रिजचं, म्हणजे आपल्या सतारीच्या घोडीचं. ते बॉडीच्या कडेपासून घ्यायचंच नाही. वरच्या नटपासून, म्हणजे सतारीच्या मेरूपासून, बाराव्या पडद्यापर्यंत ३२४ मिलिमीटर, आणि तिथून पुढे तेवढंच. त्यात तार दाबताना ताण वाढतो म्हणून एक-दोन मिलिमीटर जास्त, जाड तारांना त्याहून थोडं अधिक. ब्रिज तीन मिलिमीटर पुढे बसला तर बाराव्या पडद्यावरचा सूर सुमारे ८ सेंट चढा लागतो. शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर. कॉर्ड वाजवली की कानाला लगेच टोचतं. मध्यरेषा चुकली तर कडेची तार पडद्यावरून घसरते. त्यासाठी नेक बसवून दोन्ही कडांच्या तारांच्या जागी दोरे ताणायचे, आणि ब्रिज त्यांच्या बरोबर मध्ये.

पोटाकडची बाजू कानशीने उतरती केली आणि पिकअपखालचा भाग पोकळ ठेवला. वजन २.४ किलोवर आलं.

वायरिंगच्या खळग्यात तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थ केली. नाहीतर पंख्याच्या रेग्युलेटरचा आवाज आणि ५० हर्ट्झची घूंऽऽ फुकटात ऐकायला मिळते. वरून लाखेचं फ्रेंच पॉलिश, तेही पावसाळ्याआधी. दमट हवेत ते पांढुरकं पडतं.

आपण पहिले नाही

'क्वीन' बँडचे ब्रायन मे यांनी १९६३ मध्ये आपल्या इलेक्ट्रॉनिक्स जाणणाऱ्या वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली. नेक शेकोटीच्या शंभराहून जास्त वर्षं जुन्या लाकडी चौकटीची, तिच्यातली किड्यांची भोकं आगकाड्यांनी बुजवलेली, आणि स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या. तीच गिटार ते जगभर वाजवत आले. आणि त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी शिकला कुठे? आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत! ब्रायन मे यांनी पुढे २००७ मध्ये खगोलभौतिकीत पीएचडीही केली. तेव्हा "गिटारमुळे अभ्यास बुडतो" म्हणणाऱ्यांना हे उदाहरण ऐकवायला हरकत नाही.

आमची गिटार आता वाजते. खिळ्याचा काळा डाग ब्रिजच्या खाली डाव्या बाजूला दिसतो. सुतारमामा तो भरून देणार होते, मी ठेवायला सांगितला. मे महिन्यात बसवलेली नेक ऑगस्टमध्ये पुन्हा तपासली, तारांची उंची बदललेली नाही.

ज्युनिअर्सना एवढंच सांगणं: पहिली बॉडी आंब्याच्या लाकडात करा, मापं दोनदा घ्या, आणि राउटर एकट्याने चालवू नका. आणि सुट्टीत गावी गेलात की शेडमध्ये, गोठ्यात, माळ्यावर काय पडलंय ते बघा. सरपणात जाण्याआधी त्याचा एक कोपरा रंध्याने सोलून पाहा. आतला साग अजून तसाच असतो.